लेखनिकाची सुट्टी

परीक्षाकेंद्राच्या फाटकावर रखवालदाराने मुग्धाला अडवलं. "ताई, उमेदवार एकटाच आत जाईल."

तिला ठाऊक होतं, तरी पाय निघेना. निशिकांतदादाची नजर लहानपणापासून अधू. दहावीपासून त्याचा प्रत्येक पेपर तिनेच लिहिला होता. ती प्रश्न वाचायची, तो उत्तर सांगायचा. गेल्या वर्षी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेतले गोलही तिनेच काळे केले होते. यंदा परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता येणार होती. "या वेळी माझा मी देतो," दादा म्हणाला, तेव्हा तिने हसून मान डोलावली. पण मनात कुठेतरी खट्टू झाली.

समोरच्या रसवंतीत बसून ती अडीच तास घड्याळाकडे बघत राहिली. माउस नीट सापडला असेल ना त्याला?

दादा बाहेर आला तो हसतच. "मार्क लगेच स्क्रीनवर आले. मीच वाचले. एकशे बारा!"

"गेल्या वर्षीपेक्षा तेवीस जास्त!" मुग्धाचे डोळे भरून आले. मग हळूच तिने विचारलं, "म्हणजे मी नीट वाचत नव्हते का रे?"

"छानच वाचायचीस गं. पण दमलेली दिसायचीस. 'पुन्हा एकदा वाच' म्हणायला माझ्या जिवावर यायचं. आज एक उतारा मी सात वेळा वाचला."

मुग्धाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "वेड्या, सांगायचंस ना! मी सत्तर वेळा वाचला असता."