साधं जाकीट

"पंकजा न्हाई घरी," गहिनीनाथ म्हणाला. "जावयासंगं ऊसतोडीला गेलीय, शिरगोंद्याकडं. तुमी बसा की म्याडम."

डॉ. दिपाली ओट्यावर बसली. दाराच्या वर त्याच्या बायकोचा, बायडाबाईचा फोटो होता. आधार कार्डावरचाच, मोठा करून आणलेला. दिपालीने तिकडे बघायचं टाळलं. मग आपण टाळतोय हे याच्या लक्षात आलं असेल, असं वाटून मुद्दाम बघितलं.

नगरहून निघतानाच तिचा पाय जड झाला होता. शेवगाव मागे पडल्यावर तर गाडी वळवावी असंच वाटत होतं. पण वर्षभर तिला नीट झोप नव्हती.

मागच्या हंगामात हीच नवरा-बायको श्रीगोंद्याच्या फडात होती आणि दिपालीच्या संशोधनातही. काम मोठं होतं. हवामानवाले बांधावर यंत्रं लावून ऊन आणि दमटपणा मोजत. जीवशास्त्राच्या एक बाई घामाचे नमुने नेत. कापडावर संशोधन करणाऱ्यांनी अंगातली उष्णता ओढून घेणारं अस्तर तयार केलं होतं. ते लावलेल्या जाकिटाने तोडणी किती वाढते, हे हर्षल नावाचा अर्थशास्त्रज्ञ बघायचा. आणि माणसांच्या तब्येती दिपालीकडे.

निम्म्या तोडकऱ्यांना अस्तराची जाकिटं दिली, निम्म्यांना साधी. वरून दोन्ही सारखीच. कुणाला कुठलं, ते चिठ्ठ्यांवर ठरलं. चिठ्ठ्या दिपालीने काढल्या होत्या.

मार्चमधल्या एका दुपारी बायडाबाई फडातच कोसळली. टेम्पोतून दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता.

गहिनीनाथने चहा आणला. स्वतःच केलेला, गुळमट.

"काका," कप हातात धरूनच दिपाली म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. मागेच सांगायला हवं होतं."

"बोला की."

"ती जाकिटं सगळी सारखी नव्हती. काही गार ठेवणारी होती, काही नुसतीच कापडाची. काकूंच्या नावाने साधं निघालं."

गहिनीनाथ समोर उकिडवा बसला.

"तुमाला म्हाईत हुतं? कुनाला कुटलं गेलं त्ये?"

"हो. मला एकटीलाच."

"मंग?"

"त्या आठवड्यात ऊन वाढणार, हे हवामानवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. चांगली जाकिटं गाडीत पडून होती. मी तेव्हाच सगळ्यांना वाटायला पाहिजे होती. प्रयोग मोडला असता, एवढंच. मी नाही वाटली."

तिला वाटलं होतं, तो ओरडेल. निदान उठून आत जाईल. तो तिथेच बसून राहिला.

"त्या दिशी माजं डोस्कं भनानलं हुतं," तो म्हणाला. "मी पानी पिऊन लिंबाखाली जाऊन पडलो. तिला म्हनलं, तू बी ये. न्हाई आली. पानी धाडलं तर प्याली न्हाई. मला काय बी हुईना म्हनली, मोळ्या उरकून घेते."

दिपालीने मान खाली घातली. ऊन डोक्यात चढलं की माणसाला आपल्याच अंगाचा अंदाज राहत नाही, हे तिने किती वेळा शिकवलं होतं.

"तिला एकटीला सोडून मी निजलो," गहिनीनाथ म्हणाला. "त्ये मलाबी खातंय."

"तुमची चूक नाही काका. चूक माझी." तिने डोळे पुसले. "मी नंतर एवढंच करू शकले की प्रयोग बंद पाडला. कापडवाल्यांना अजून एक वर्ष तपासून बघायचं होतं. हर्षल म्हणत होता, अस्तरवाली माणसं सावलीला बसतच नाहीत, सलग तोडतात, अंगात चढलेलं ऊन त्यांना जाणवत नाही की काय, ते आधी बघू. मी कुणाचंच ऐकलं नाही. भर बैठकीत रडले. म्हटलं, साध्या जाकिटात बाई गेली, अस्तरातलं एकही माणूस गेलं नाही, अजून काय पुरावा पाहिजे? यंदा तिकडच्या सगळ्या टोळ्यांना मी अस्तराचीच दिली. पंकजालाही."

"व्हय, तिनं फोटू धाडलाय." त्याने मोबाईल पुढे केला. फडाच्या कडेला, कोयता हातात घेऊन पंकजा हसत उभी होती. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली. "लई गार लागतंय म्हनती. दिवस कसा जातो कळत न्हाई."

दिपालीला फोटो नीट दिसेना. "निदान तिला तरी," ती म्हणाली. "पण काकूंना मीच मारलं."

"असं बोलू नगा म्याडम." गहिनीनाथ चुळबुळला. त्याने दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आमी बी तुमच्यापासून एक लपवलंय. तुमी रागावनार न्हाई ना?"

"मी कशाला रागावू?"

"जाकिटं आपसात बदलू नका, म्हून तुमी ताकीद दिल्ती. आमी न्हाई ऐकली."

दिपालीचा हात कपावर तसाच राहिला.

"पयल्याच दिशी अंगात घातल्यावर कळलं, तिचं साधं हाय आन माजं गार. तिला उन्हाचा लई तरास, म्हून मी आदलाबदल केली." समजूत घालावी तशा आवाजात तो म्हणाला. "तवा तुमी जिवाला लावून घेऊ नगा. शेवटपत्तूर गार जाकीट तिच्याच अंगात हुतं. साधं माज्या."