कीबोर्डखालच्या मुंग्या

“पोरीनेच चहा सांडलाय माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर!” मी दुकान बंद करून घरी येताच नवरा कडाडला. लेक कोपऱ्यात मुसमुसत होती. लोकांचे भिजलेले फोन दुरुस्त करणं हेच माझं काम, म्हणून लगेच बॅटरी सुटी केली आणि कीबोर्ड उचलला. खाली मुंग्यांची रांग! बोर्ड पाकासारखा चिकट. माझं डोकंच सणकलं. डॉक्टरांनी याची साखर बंद केली, तेव्हापासून याला एकट्याला जड जाऊ नये म्हणून आम्ही दोघीही बिनसाखरेचा चहा पितो. घरात साखरेचा कण नाही. “बिनसाखरेच्या चहाला मुंग्या कधीपासून लागतात रे?” मी बोर्ड स्पिरिटने घासला, वाळवला, मीटर लावून तपासला. बटण दाबताच स्क्रीन उजळली. “वाचला!” तो हरखला. “लॅपटॉप वाचला. आता लपवलेली साखर काढ. मी चहा टाकतेय, आम्हा दोघींपुरता.”