दुपट्यातला दगड

सिहोऱ्याच्या शाळेत त्या दुपारी गावकऱ्यांनी ग्रीकांच्या पहिल्या देवांचं नाटक लावलं होतं. धरती आणि आकाशाचा मुलगा क्रोनस आपली लेकरं जन्मताच गिळून टाकतो. म्हणून धाकट्याला वाचवायला त्याची बायको रिया बाळाच्या दुपट्यात दगड गुंडाळून त्याच्या हातात देते.

क्रोनस झालेल्या कैलाशनं गाठोडं हातात तोलून पाहिलं. "खरं सांग, हे तुयंच लेकरू हाय?"

रिया झालेली रुपा पुढचं वाक्य विसरली. कैलाशनं पुन्हा विचारलं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात समोर बसलेल्या बायकांमधून गावाची म्हातारी दाई बेबीबाई उठून उभी राहिली.

"तिले काहून तरास देऊन राहिला रे? तिचंच हाय. बाळंतपण मीच केलं."

"हो, आमी होतो तिथं," बाजूच्या बायका म्हणाल्या.

निम्मं गाव बेबीबाईच्या हातांवर जन्मलं होतं, कैलाशसुद्धा. आजवर तिला खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. देवांच्या बापानं मान खाली घातली आणि मुकाट्यानं दगड गिळला.