दुभाषी

“तुम्हा पोरांना धड बोलता तरी येतं का?” माझ्या मोबाइलकडे बोट करत बाबा कडाडले. “दोन अक्षरं बडवली, की झालं! आणि तुझ्या आईला सांग, चहा गार झालाय.”

आई समोरच भाजी निवडत होती. “तुझ्या बाबांना सांग, गरम होता तेव्हा प्यायचा.”

बाबा कॉलेजात मराठी शिकवतात, आई वकील आहे. गणपतीत भांडले, तेव्हापासून या दोन महान वक्त्यांची मी दुभाषी.

शेजारच्या ऋजुताला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. तिचा मेसेज आला, “परत?”

मी लिहिलं, “हो.”

“ये.”

मी चपला घातल्या. माझ्याकडे बघत बाबांनी मलाच फर्मावलं, “तुझ्या आईला विचार, तू कुठे निघालीस ते.”