बाहेर टांगलेली स्टेपनी

"रोंडा, वाळवंटातल्या त्या मीठतळ्याला पाणी आलं ना, की मला दाखवायला ने गं!" आई कधीकाळी म्हणाली होती, आणि तो आवाज रोंडाच्या कानात अजून होता. तळं दोनदा भरून आटलं, पण तिच्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं, पालुपद एकच. "नेईन की, आनंदाने नेईन! पण त्या खडकाळ वाटेला दोन स्टेपन्या लागतात, आणि दुसरी मागच्या सीटवर असते. सासूबाईंना काय टपावर बसवू?"

यंदा तळं भरलं, तशी रोंडाने पोर्ट ऑगस्टाच्या गॅरेजात गाडीच्या मागच्या दाराला लोखंडी स्टँड बसवून घेतला आणि दुसरी स्टेपनी बाहेर टांगली. आई मांडीवर केकचा डबा घेऊन मागच्या सीटवर ऐटीत बसली. गाव सुटताच तिने जे गाणं धरलं, ते थेट तळ्याच्या काठावरच सोडलं.

गाडी थांबवून क्लाइव्हने कपाळाला हात लावला. "रोंडा, आता खरं सांगतो. अडचण स्टेपनीची कधीच नव्हती, तुझ्या आईच्या गाण्याची होती."



"मला तरी कुठे हौस आहे, जावईबापू?" आई मागून म्हणाली. "तुम्ही गाडी हाकता तेव्हा किंकाळी फुटू पाहते, तिला मी आपली चाल लावते."