राजा ऐकत नाही

"ऐकून घ्यायला काय जातं याच्या बापाचं?" विंगेतल्या स्टुलावर बसलेला प्रॉम्प्टर चरफडला.

मंचावर गवंड्यानं राजाचे पाय धरले होते. बांधाला भेग पडलीय महाराज, खालचं गाव हलवा. राजानं त्याला लाथाडलं. आता राणी सांगणार, मग विदूषक, शेवटी पोटची पोर; आणि राजा एकेकाला हाकलणार. तिसऱ्या अंकात बांध फुटणार, पोर वाहून जाणार, मग हा छाती पिटणार. तीस वर्षं प्रॉम्प्टरनं हे नाटक विंगेतून सांभाळलं होतं, आणि तीस वर्षं त्याला या राजाची चीड येत होती. ना शत्रू आडवा आला, ना दैव. नुसता ताठा!

अलीकडे चिडीत भर पडली होती. राजाचं काम करणारा नट वाक्यं विसरायला लागला होता. पोरीच्या प्रेतापाशी तर हमखास. ओठ नुसते हलायचे, शब्द नाही. प्रॉम्प्टर वाक्य पुरवायचा. नट चपापून विंगेकडे बघायचा, अडखळायचा, आणि मागच्या रांगांत खसखस पिकायची. मेलेल्या लेकरापाशी हशा! प्रॉम्प्टरचा जीव तुटायचा. दोघं एकाच वर्षी या नाटकात आले होते, एका ताटात जेवले होते.

प्रयोग संपल्यावर नट रंग न पुसताच त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"उद्यापासून मला वाक्य देऊ नकोस. सगळं आठवतंय मला."

"आठवतंय, तर गप्प का होतोस?"

"अरे, गप्प कुठे होतो मी—"

"राहू दे. वय झालं म्हणायला लाज कसली?"

घरी बायको ताट वाढून वाट बघत होती.

"लेकीनं डॉक्टरांकडे नंबर लावलाय. मंगळवारी जाऊन या."

"मला काय धाड भरलीय?"

"सांगून सांगून घसा बसला माझा!"

"मग तूच जा की डॉक्टरकडे," तो हसला.

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेनं खुर्ची त्याच्या अगदी समोर ओढली. "काका, शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलायचंय. कसं सांगू—"

"सांगायचं काय त्यात? मीच सांगतो. त्याला मानानं निरोप द्या. एक तर तो राहील, नाहीतर मी."

ती आणखी पुढे झुकली. "तुमची विंगेतली जागा सोडायला तयार आहात?"

"एका पायावर."

"बरं. मग आज विंगेत बसू नका. पाचव्या रांगेत बसून प्रयोग बघा, आणि कोणी राहायचं ते तुम्हीच ठरवा. शब्द देते."

"आणि विंगेत कोण?"

"कोणीच नाही."

तीस वर्षांच्या दोस्ताची अब्रू आज उघड्यावर पडणार. पण काय करणार? काही माणसांना बुडाल्याशिवाय पाणी कळत नाही.

तिसरा अंक आला. पाचव्या रांगेत तो खुर्चीच्या कडेवर सरकून बसला. वाक्य न् वाक्य त्याला पाठ होतं. राजा पोरीपाशी गुडघ्यांवर बसला, तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवू लागला. ओठ हलले. शब्द नाही.

संपलं. प्रॉम्प्टरनं डोळे मिटून घेतले. उघडले, तरी ओठ तसेच हलत होते. डाव्या हाताची बाई रुमालानं डोळे टिपत होती. भाबडी बिचारी! हिला काय ठाऊक, इथं केवढं भाषण गळालंय ते.

त्याला राहवेना. उजव्या हाताच्या गृहस्थाच्या कानाशी तो झुकला आणि तीस वर्षं विंगेत मुरलेल्या अगदी दबक्या सुरात म्हणाला, "बघा. विसरला."

पुढच्या चारही रांगा गर्रकन मागं वळल्या, आणि मंचावरचा राजा बोलता बोलता थांबला.