सरूबाईचं कार्ड

सरूबाईचा अंगठा मशिनवर उमटेचना.

"मावशी, जरा जोरात दाबा," सोमाटण्याच्या सेवा केंद्रातली अनिता म्हणाली.

सरूबाईनं दाबला. तेवढ्यानंही तिला धाप लागली. सून रुपाली तिची पाठ चोळू लागली. भातलावणी आणि लोणावळ्याच्या बंगल्यांतली भांडी यांत सगळं आयुष्य गेलेलं. बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या होत्या.

पण आज कार्ड निघायलाच हवं होतं. सरूबाईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. तळेगावच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर नको, कार्ड घेऊन या, उद्याच भरती करून घेतो.

सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचारांसाठी सरकारचं असं कार्ड मिळतं, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही, हे घरात पहिल्यांदा सांगितलं ते केरबानं, सरूबाईच्या नवऱ्यानं. कुठून ऐकून आला होता कोण जाणे. बायकोचं दुखणं उघडं पडायच्या आधीपासूनच त्यानं दोघांच्या कार्डाचा धोशा लावला होता. आज तर सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सगळ्यांच्या आधी अंगणात उभा होता. "फोटू नीट आला पायजे," म्हणाला होता.

"चेहऱ्यानं होतंय का बघू," अनिता म्हणाली आणि तिनं मोबाईल सरूबाईच्या तोंडासमोर धरला. "डोळे मिटा. आता उघडा."

सरूबाईनं डोळे मिटले. ते उघडलेच नाहीत. मान एका बाजूला कलली.

"आई!" रुपाली ओरडली.

"काय न्हाई गं," सरूबाई पुटपुटली. "दमले."

अनितानं पाणी आणलं. केरबा उठून बायकोच्या मागं गेला. त्यानं दोन्ही तळव्यांत तिचं डोकं अलगद धरलं. "सरू, त्या मोबाईलकडं बघ. मिट डोळं. हां, उघड आता."

मोबाईलवर हिरवी खूण आली. रुपालीच्या जिवात जीव आला.

"झालं!" अनिता म्हणाली. "आता नीट समजून घ्या. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार यात बसतात. दोघांची कार्डं वेगवेगळी निघतात, पण रक्कम एकच. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढचे असले की दोघांत मिळून पाच लाख."

"दोघांत मिळून?" केरबानं विचारलं.

"हो आबा."

"आन त्याच्या वर गेलं तर?"

"मग वरचं घरातून."

केरबानं सरूबाईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. हृदय फार थकलंय, ऑपरेशननंतर किती दिवस आयसीयूत ठेवावं लागेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते त्यानंही ऐकलं होतं.

"या आबा, आता तुमचं," अनिता म्हणाली.

"माझं नगं."

रुपालीला वाटलं, सासरे चेष्टा करताहेत. "आबा, बसा की. दाढी कशाला केलीत मग?"

"नगं म्हनलं ना. वडगावच्या त्या मानसानं ओटीपी दिला आन खातं रिकामं झालं."

"अवो, तो चोरांचा फोन होता. हितं समोर बसून काढतोय आपण."

"मला काय धाड भरलीय? ज्याला लागतंय त्याचं निघालं. चला घरी."

"आणि उद्या तुमाला काय झालं म्हणजे? धावायचं कुणी?" रुपालीचा आवाज चढला. "तुमचाच मुलगा धावणार ना कामावर खाडा करून?"

केरबा बाहेर पडला आणि रिक्षात जाऊन बसला.

"राहू दे गं," सरूबाई म्हणाली. "पयल्यापासनं हट्टी हाय त्यो."

बेडशाला घरी पोचेपर्यंत रुपाली सासऱ्यावर धुमसत होती. रात्रपाळीला निघालेल्या नवऱ्याला, आकाशला, तिनं सगळं सांगितलं. केरबानं जेवायचं ताट सरकवलं आणि नुसतं ताक पिऊन तो उठला. वर हाच फुगून बसलाय, रुपालीच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सरूबाई भरती झाली. तपासण्या झाल्या, मंजुरी आली आणि एका सकाळी तिला ऑपरेशनला आत नेलं. आकाश देहूरोडच्या डेपोतून रजा काढून आला होता. तो येरझाऱ्या घालत होता. रुपाली हात जोडून बसली होती. केरबा मात्र त्या दारासमोरच्या बाकड्यावरून हललाच नाही. सांगितलेली वेळ उलटून गेली, तरी दार उघडेना. आतून एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन तशीच आत गेली.

अखेर डॉक्टर बाहेर आले. घाम पुसत म्हणाले, "मध्ये अवघड झालं होतं. पण झडप नीट बसलीय. आता काळजी नाही."

आकाश भिंतीला टेकून रडायलाच लागला. मग नातेवाइकांना फोन करायला खाली पळाला. रुपालीचा इतक्या दिवसांचा राग एका क्षणात विरला. तिनं सासऱ्यासाठी चहा आणला आणि त्याच्या शेजारी बसली.

"आबा, आई वाचल्या."

"व्हय पोरी," केरबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक तरुण डॉक्टरीण घाईनं चालली होती. पुढं गेली, थबकली आणि मागं वळून बाकड्यापाशी आली. कोटावर नाव होतं, डॉ. सुनेत्रा.

"आबा! कुठं होतात इतके दिवस?"

माणूस ओळखण्यात चूक होतेय, असं रुपालीला वाटलं. "मॅडम, पेशंट आत आहे. माझ्या सासूबाई."

"मी यांच्याबद्दल बोलतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आबा, अन्ननलिकेतली गाठ आहे, थांबून चालायचं नाही, असं बजावलं होतं ना मी? कार्ड काढतो आणि लगेच भरती होतो, म्हणून गेलात. निघालं का कार्ड?"

केरबानं समोरच्या बंद दाराकडं पाहिलं.

"निघालं की," तो म्हणाला. "हिचं निघालं."